संथ म्हणजे नेमकं काय हो?

भयपट मुळात आवडत नाहीत, तर भयपटाचं परीक्षण लिहायला घेता कशाला? आणि घेतलंच, तर पहिल्या ओळीत तसं सांगून टाका की! पण नाही. ‘चित्रपट संथ आहे’ म्हणायचं आणि दोन तारे देऊन मोकळं व्हायचं. संथ म्हणजे काय? शॉट लांबलचक आहेत, की मध्यंतरानंतर तेच तेच प्रसंग परत येतात? पहिली दिग्दर्शकाची निवड असू शकते, दुसरी पटकथेतली किंवा संकलनातली चूक. दोन्हींना शब्द एकच!

पुस्तकांचीही तीच गत. ‘नायिका आवडली नाही’ हा काय दोष झाला? ती आवडू नये म्हणूनच तशी रंगवली असेल. तिच्या वागण्याला आधीच्या प्रकरणांत कुठेच आधार सापडत नसेल, तर तो दोष. मग प्रसंग सांगा ना.

ताऱ्यांचं गणित तर विचारूच नका. एकाचे तीन म्हणजे ‘जरूर बघा’, दुसऱ्याचे तीन म्हणजे ‘दुसरं काही नसेल तर’. आणि समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावरचे टक्के लोक परीक्षेतल्या गुणांसारखे मिरवतात! ते अनुकूल परीक्षणांचं प्रमाण आहे. सगळ्यांनी नुसतं ‘बरा आहे’ म्हटलं तरी १०० टक्के. आणि ६० टक्के झाले की चित्रपटाला पसंतीची खूण, लाल टोमॅटो.

आवडनिवड असू द्या हो, ती नसलेला समीक्षक तरी काय कामाचा? पण ती दोन वाक्यांत सांगायला जागा नसते, आणि कथानक मात्र साडेतीन परिच्छेद. वर शेवटही फोडायचा.