पात्र-अपात्रच्या पलीकडं

बीड जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा एक लेख वाचला. तो सरकारी मदतीचा चेक मिळाला की नाही, इथंच थांबतो. मदत हवीच. पण १ लाखातले ३० हजार हातात, ७० हजारांची ठेव, आणि त्याआधी चौकशी: कर्ज किती, नापिकी होती का, दारू प्यायचा का. नवरा गेलेल्या बाईनं हे किती जणांना सांगायचं? प्रकरण मदतीला ‘अपात्र’ ठरलं की गाव म्हणतं, मग घरातच काहीतरी असणार. बोल तिलाच. हे फार क्रूर आहे.

माझ्या मामेभावाच्या घरी तेराव्यापर्यंत माणसं मावत नव्हती, नंतर कुणीच नाही. वहिनीला सावरलं शेजारच्या काकूंनी. संध्याकाळी येऊन भाकरी करू लागायच्या, त्याचं नाव घेऊन बोलायच्या. ‘का केलं’ हे कधी विचारलं नाही. लेकरांकडं मात्र आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. थोरला सगळा दोष स्वतःवर घेऊन बसलेला. ते त्याच्या वर्गशिक्षकांनी ओळखलं.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मागं राहिलेल्यांसाठीही आहे. मोफत, मराठीतून, रात्रीसुद्धा. गावातल्या आशा कार्यकर्तीनं तो अशा घरी नेऊन द्यावा, आणि महिन्याभरानं पुन्हा जावं.