लहरींचा सातबारा कुणाच्या नावावर?

आज ऑफिसात डबा खाताना एकजण ठासून म्हणाला, "फुकट स्पेक्ट्रम म्हणजे सरकारी तिजोरीवर दरोडा." स्पेक्ट्रम म्हणजे मोबाईल, वायफाय ज्यांवर चालतात त्या रेडिओ लहरी; लिलावाशिवाय त्या कुणाला वापरू देऊ नयेत, असं त्याचं म्हणणं. तेव्हा गप्प बसलो. घरी आल्यावरही डोकं शांत होईना, म्हणून लिहितोय.

दिवाळीत मामीकडे गेलो होतो, जव्हारच्या पुढे. घरामागच्या टेपाडावर मोहाखाली तिने एक दगड ठेवलाय. त्यावर उभं राहिलं की रेंजची एक कांडी येते. ई-केवायसी करायची होती. साठी उलटलेली बाई, डोक्यावर पदर, फोन वर धरलेला. ओटीपी यायचा तोवर मुदत संपलेली. तीनदा. चौथ्यांदा म्हणाली, "जाऊ दे रे, ऊन लागतंय तुला."

आता सांगा, दरोडा कुणावर पडलाय?

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगितलंय. लिलावात मिळतो तो ठरावीक वर्षांचा वापराचा हक्क, सातबारा नाही. कंपन्यांनी २०२२ मध्ये दीड लाख कोटींची बोली लावली, मान्य. त्यांच्या सिग्नलमध्ये कुणी ढवळाढवळ करू नये, हेही मान्य. पण घेतलेल्या लहरी वापरायच्या नाहीत, म्हणजे शेत पडीक ठेवायचं, आणि शेजाऱ्याचं गुरूही आत येऊ द्यायचं नाही, ही कुठली रीत?

आणि गायरान लागतंच ना गावाला! तसा लहरींचाही एखादा पट्टा सगळ्यांसाठी खुला हवा. घरातलं वायफाय, कानातलं ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तो पट्टा आपल्याकडे २००५ पासून बिनपरवाना आहे. ऑफिसातले ते गृहस्थही त्याच वायफायवर बसून बोलत होते. अमेरिकेने २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झचे १२०० मेगाहर्ट्झ खुले केले. तिथेच ३.५ गिगाहर्ट्झमध्ये नौदलाचं रडार, पैसे भरलेले आणि बिनपरवाना वापरणारे असे तिघे एकाच पट्ट्यात नांदतात. पहिला मान रडारचा. ते चालू झालं की बाकीचे बाजूला होतात, आणि कुणी कुठे जायचं ते संगणक ठरवतो. म्हणजे जमतं. करायचं असेल तर जमतं!

सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू? हे मामीच्याच पालघर जिल्ह्यात करून झालंय. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने खामलोलीच्या आसपासच्या गावांत टीव्हीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या रिकाम्या जागेतून इंटरनेट पोचवलं होतं. या लहरी वायफायपेक्षा लांब जातात, झाडीतूनही बऱ्या निघतात. चाचणी झाली, कौतुक झालं. मामीच्या टेपाडावर मात्र तोच दगड.

चिडून लिहायला बसलो होतो, आता नुसतं वाईट वाटतंय. मघाशी मामीला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. एवढ्या रात्री ती टेपाडावर कशाला जाईल?