'बायोप्सी बंद' म्हणणारा तो मेसेज आमच्या आत्त्यापर्यंत पोचला, म्हणून हे

परवा तासगावहून आत्त्याचा फोन. "बाळ, ती सुईची तपासणी मी काय करणार नाही, मोबाईलनं सांगितलंय काही नाही म्हणून." दुकान तसंच टाकून गाडी काढली.

आत्त्याला छातीत गाठ लागली, मिरजेला मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे झाला, रिपोर्टवर बायरॅड्स ४ (कॅन्सरची शंका किती ते सांगणारा नंबर) लिहिलंय आणि डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं, सांगितलीय. तेवढ्यात बचत गटाच्या ग्रुपवर हा मेसेज आला: स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की एआय डॉक्टरांपेक्षा जास्त कॅन्सर पकडतं, आता बायोप्सी बंद, सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, मॅमोग्राफीच्या किरणांनीच कॅन्सर होतो, फिल्मचा फोटो एआयला टाका फुकट निदान मिळेल, गाठ नॅनो हळदीनं विरघळते, पाच वर्षांत एक्स-रे बघणारे डॉक्टर उरणार नाहीत. खाली 'दहा बहिणींना पाठवा'.

स्वीडनचं आधी. अभ्यास खरा आहे, मासाई नावाचा, २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या कॅन्सरवरच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, ८० हजार बायका होत्या. एआयच्या मदतीनं तपासलेल्या निम्म्या गटात २४४ कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीनं तपासलेल्या निम्म्यात २०३. म्हणजे एआयनं जास्त सापडले, हे मान्य करावंच लागेल. पण तिथं एआय काय करत होतं? प्रत्येक मॅमोग्रामला १ ते १० नंबर देत होतं. ज्याला १० मिळाला तो दोन डॉक्टरांनी बघायचा, बाकीचे एकानं. डॉक्टरांनी न बघितलेला एकही नाही! आणि हा कॅन्सरच आहे हे ठरवायला पुढं सुई लागलीच. बायोप्सी बंद हे वाक्य कुठून आणलं यांनी?

आता तो फोटो. मेसेज वाचून आत्त्याच्या नातवानं फिल्म स्वयंपाकघरातल्या खिडकीला धरून काढलेला आणि मोबाईलवरच्या एआयला टाकलेला, मी बघितला. फिल्मच्या आरपार खिडकीचे गज दिसतायत, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची पांढरी पट्टी. कॅन्सरची शंका ज्या कॅल्शियमच्या ठिपक्यांवरून येते ते कितीदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, ते या फोटोत कुठं शोधायचे? स्वीडनमधलं एआय मॅमोग्रामसाठीच शिकवलेलं, मशीनमधून आलेल्या मूळ इमेजवर चालणारं. नातवानं वापरलं ते गप्पा मारायचं ॲप. त्यानंही उत्तरात 'गंभीर काही दिसत नाही' म्हणून शेवटी 'तरी डॉक्टरांना दाखवा' लिहिलं होतं, ती ओळ घरात कुणी वाचलीच नाही.

पण मला खरा राग आहे तो सुईच्या मुद्द्याचा, कारण यानं बायका मरतात. अर्धं खरं आधी सांगते: सुईच्या वाटेत काही पेशी सरकतात, हे मायक्रोस्कोपखाली दिसलंय. पण त्यातल्या बहुतेक तिथंच मरतात, आणि बायोप्सी केली म्हणून बायकांचं आयुष्य कमी झालं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मग ही समजूत आली कुठून? आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं सांगते. बायोप्सीत कॅन्सर निघाला, त्या घाबरल्या, ऑपरेशन नको म्हणून आठ महिने झाडपाल्याचं औषध घेत बसल्या, तोवर काखेत गाठी आल्या. गल्ली अजून म्हणते सुईनं वाटोळं केलं. त्या आठ महिन्यांचं कुणी बोलत नाही.

आणि बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरच असं नाही. शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकते, एवढी मोठी दरी फोटो बघून कशी भरणार, म्हणून तर सुई. कॅन्सर नसेल तर बाईचा जीव भांड्यात पडतो. असेल तर हार्मोनवर वाढणारा आहे का, हर-टू नावाच्या प्रथिनामुळं वाढणारा आहे का, कुठलं औषध लागू पडेल हे त्याच तुकड्यावरून कळतं. तो तुकडाच नसेल तर डॉक्टर औषध कशावर ठरवणार?

किरणांचं एका दमात: एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (किरणं मोजायचं माप), आणि जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे दोनेक महिन्यांचे. धोका शून्य नाही, पण हातात गाठ लागलेली असताना ही भीती घालायची?

हळदीबद्दल मला कुणी शिकवू नये, मार्केट यार्डात आमची हळदीचीच अडत आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटलेत. हळदीत करक्युमिन हा पिवळा घटक असतो साधारण तीन टक्के, तो पोटातून रक्तात नीट जातच नाही, म्हणून नॅनो म्हणजे अतिबारीक कणांवर संशोधन चाललंय हे खरं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात हेही खरं. पण बाईच्या छातीतली गाठ हळदीनं विरघळल्याचा पुरावा नाही, आणि हळद विकून पोट भरणारी मी हे सांगतेय.

राहिले डॉक्टर. पाच वर्षांत एआय एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांच्या पुढं जाईल, असं एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्येच म्हणाले होते, ज्यांना पुढं २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. पाच वर्षं कधीच उलटली, आत्त्याचा रिपोर्ट माणसानंच लिहिलाय.

आत्त्यानं एवढंच विचारलं, दुखतं का गं? म्हटलं, आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात, मग सुई सुटताना खट् आवाज येतो, त्याला दचकू नकोस. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली तू येणार असशील तर. गुरुवारी अकराचा नंबर लावलाय, नऊला मी तिच्या दारात असणार.