खुलासा : प्रत्येक फुलझाड फोडून वाफा वाढवता येत नाही
‘कुठलंही बहुवर्षायू फुलझाड कधीही उपटा, दोन तुकडे करून लावा, वाफा दुप्पट होईल,’ असा मेसेज फिरतोय. हे अर्धंच खरं आहे. शेवंती, डेलिली, कर्दळ यांचे गड्डे फोडता येतात, कारण फुटव्यांना स्वतःची मुळं असतात. माती झटकली की ती वेगवेगळी दिसतात. ल्युपिन या उंच तुऱ्यांच्या फुलझाडाचं तसं नाही. त्याचं गाजरासारखं एकच सोटमूळ खोल गेलेलं असतं. ते चिरलं की बहुतेक वेळा झाड जातंच, आणि वाईट वाटतं. ते बियांपासूनच वाढवा. भर फुलात असताना तर शेवंतीही फोडू नका, बहर ओसरू द्या. प्रत्येक तुकड्याला कोंब आणि मुळं दोन्ही हवीत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हे कळवा.