चालू ठेवून की बंद करून?

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला काहीही झालेले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रकार वाचून कुणालाही वाटेल की दुखणे जुनेच असावे. गाडी ऑटोमॅटिक, चार गिअरची, वयाने पंधरा वर्षांची आणि अंगाने अशी दांडगी, की आमच्या घरात तिला ‘ट्रक’ याच नावाने ओळखतात. ती डिझेल ट्रकसारखे पिते, वळायला ट्रकएवढी जागा घेते, आणि मागचे सीट पाडून तुरीची चार पोती टाकली तरी कुरकुर करीत नाही. माझ्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबण्यास कायमचा नकार दिल्यावर मी ती सेकंडहँड घेतली होती आणि आमचा संसार विनातक्रार चालला होता.

दुखणे मी स्वतः विकत आणले. मे महिन्यात परभणीचा पारा ४३ च्या वर गेला की दुपारी घराबाहेर पडता येत नाही आणि घरात बसलेला माणूस हाताला लागेल ते वाचतो. एका रविवारी माझ्या हाताला गाडीचे माहितीपुस्तक लागले. त्यात गिअरबॉक्सचे ऑइल ८०,००० किलोमीटरला बदलावे असे लिहिले होते आणि माझ्या गाडीचा काटा १,६२,००० च्या पुढे गेला होता. एवढ्या वर्षांत त्या ऑइलला कुणी हात लावल्याची नोंद कुठेच नव्हती. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अशी राहून गेलेली गोष्ट झोपू देत नाही.

जिंतूर रोडवरच्या ज्या मिस्त्रीकडे मी गाडी नेली, तो माझाच विद्यार्थी. त्याने बॉनेट उघडण्याआधीच विरोध नोंदवला. “सर, चांगली पळू लालीय की. चालत्या गिअरबॉक्सला हात लावू नये म्हणतेत.” ही समजूत सार्वत्रिक आहे. जुन्या ऑटोमॅटिकचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स मरतो, असे छातीठोकपणे सांगणारे लोक प्रत्येक पेट्रोलपंपावर भेटतात. माझ्या मते यातली खरी गोम अशी, की बहुतेक लोक गिअर घसरायला लागल्यावरच ऑइलची आठवण काढतात. मग शेवटच्या घटकेला दवाखान्यात नेलेल्या म्हाताऱ्याचे पाप जसे सलाइनवर येते, तसे गिअरबॉक्सच्या आत झिजून गेलेल्या क्लचप्लेटांचे पाप नव्या ऑइलवर येते. हे सगळे मी मिस्त्रीला दृष्टांतासह समजावून दिले. तो शाळेत ऐकायचा तसाच मान खाली घालून ऐकत राहिला.

खालचे बोल्ट निघाले आणि ऑइल घमेल्यात उतरले, तेव्हा त्याचा रंग तुळशीच्या काढ्यासारखा होता. नवे ऑइल गुलाबाच्या सरबतासारखे लालभडक असते. मी बोट बुडवून वास घेतला, तो जळका नव्हता. पॅनच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या तबकाच्या, तळाच्या चुंबकावर राखाडी, काजळासारखा मऊ लगदा जमलेला होता. तो बोटांत चोळून पाहिला तर एकही कण टोचला नाही. लगदा म्हणजे नेहमीची झीज आणि कपची म्हणजे संकट, एवढे मला वाचून ठाऊक होते. मी समाधानाने मान डोलावली. त्या दिवशी मी ज्या ज्या गोष्टीला मान डोलावली, त्यांतली एवढी एकच बरोबर होती.

दरम्यान शेजारचा टायरवाला येऊन डब्याची किंमत विचारून गेला आणि जाताना म्हणाला, “एवढ्या पैशात करडईचं पाच लिटर आलं असतं.” परभणी हे करडईचे गाव; इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ नावाचे करडईचे वाणच काढलेले आहे, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. खरे सांगायचे तर हसावे की नाही असा मला प्रश्न पडला, कारण १९७० च्या आसपासपर्यंत अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये चक्क देवमाशाचे तेल मिसळत असत. देवमाशाच्या शिकारीवर बंदी येऊ लागली, तेव्हा कुठे ते थांबले. ज्या यंत्राने देवमासा पचवला, त्याला करडईचे वावडे असायचे कारण नाही, असे टायरवाल्याला वाटले तर त्याला काय सांगणार?

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. असा गिअरबॉक्स उघडला की त्यातले सगळे ऑइल बाहेर येत नाही. माझ्या गाडीत नऊ लिटर मावते आणि पॅन सोडल्यावर जेमतेम चार निघते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणाऱ्या भागात, आणि आतल्या नळ्यांत दडी मारून बसते. म्हणून जेवढे निघाले तेवढेच मोजून परत भरायचे, हा नियम. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने घमेल्यातले ऑइल पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत मोजायला घेतले. तीन बाटल्या भरल्या आणि चौथी भरता भरता त्याचा पाय घमेल्याला लागला. उरलेले ऑइल जमिनीने प्यायले आणि हिशेबात ‘अंदाजे चार’ अशी नोंद झाली. नवे फिल्टर, नवे गॅस्केट बसवून चार लिटर ऑइल भरण्यात आले, गाडी दोन मिनिटे चालू करून बंद करण्यात आली, आणि मिस्त्रीने इंजिनच्या ऑइलचे पाहतात तसे थोडे थांबून, फडके फिरवून, गेज म्हणजे ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही तीन बोटे वर होते.

“सर, जास्ती झालं.”

इथे मला गप्प बसता आले असते. पण मी फेसाचे शास्त्र सांगू लागलो. ऑइल जास्त झाले की आतली फिरती चक्रे त्यात बुडतात, ते ताकासारखे घुसळले जाते, त्यात हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही, म्हणून ऑइलचा दाब कमी पडतो आणि आतले क्लच घसरतात. पास्कलचा नियम मी तुम्हाला नववीत शिकवला होता, वगैरे. मिस्त्रीला तो नियम आठवला नाही, पण सर म्हणतात म्हणजे जास्तीचे ऑइल वाईट, एवढे पक्के समजले. त्याने गेजच्या पाइपात बारीक नळी घालून सव्वा लिटर ऑइल ओढून काढले, पातळी खुणेवर आणली आणि आम्ही दोघांनी एकमेकांचे कौतुक केले.

शनिवारी गंगाखेडला लग्न होते. पत्नी आणि सासूबाई मागे बसल्या आणि मी गाडी रिव्हर्सला टाकली. काहीच झाले नाही. आमच्या थोरल्या काकांना जेवायला उठा म्हटल्यावर ते आधी चश्मा शोधतात, मग पंचा घेतात, मग ‘हं’ म्हणतात. तसा काही काळ गेल्यावर गाडीला आतून एक ठसका बसला आणि ती मागे सरकली. ‘डी’ला, म्हणजे पुढे जायच्या गिअरला, टाकल्यावर पुन्हा तोच चश्मा, तोच पंचा. रस्त्याला लागल्यावर तिने गिअर बदलले खरे, पण इंजिन एकसारखे ओरडत होते आणि साठच्या वेगालाच शंभरचा आवाज येत होता.

“ते समोर पिवळं काय लागलंय हो?” सासूबाईंनी मागून विचारले.

“गाडीत दिवे असायचेच, आई,” मी म्हणालो.

पोखर्णीला नृसिंहाचे दर्शन घ्यायचे, असा सासूबाईंचा नेम आहे. दर्शन घेऊन परत आलो तर गाडी कुठल्याच गिअरला दाद देईना. इंजिन चालू, दांडा ‘डी’वर, आणि गाडी जागची हलेना. पाच मिनिटांत भोवती पंधरा माणसे जमली. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांपासून पुरता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आहे, पण आमच्याकडे क्लच नसलेली गाडी ही अजूनही अफवा समजली जाते. एकाने अर्धा क्लच दाबून धरायचा सल्ला दिला. मी क्लच नाही म्हणालो. तो खाली वाकून पाहून आला आणि इतरांना म्हणाला, “खरंच न्हाई.” दुसऱ्याने धक्का मारून दुसऱ्या गिअरात सोडायला सांगितले. त्याला मी समजावले, की यात इंजिन आणि चाके यांच्यामध्ये घट्ट जोड नसून समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आहेत आणि एकाने फेकलेल्या ऑइलवर दुसरा फिरतो. ते ऑइल दाबणारा पंप इंजिनवर चालतो, तेव्हा चाके फिरवून काहीच साधत नाही. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि बाकीच्यांना विचारले, “मग मारायचा का धक्का?” तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याने दोर सोडला. इंजिनने फिरणारी चाके जमिनीवर ठेवून अशी गाडी दूरवर ओढली तर पंप बंद असल्यामुळे आतले भाग कोरडे फिरून जळतात, हे सांगण्यासाठी मी ट्रॅक्टरपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. सासूबाईंनी तेवढ्यात नृसिंहाला नारळ कबूल केला. इंजिन तोवर चालूच होते. गाडीला ठसका बसला आणि ती निघाली. नारळाचे श्रेय नारळाला गेले.

रविवारी रात्री चाकणला गाड्यांच्या कारखान्यात असलेल्या भाच्याला फोन लावला. मी लक्षणे सांगायला लागलो, तर त्याने मध्येच विचारले, “मामा, ऑइल पाहिलं ते गाडी चालू ठेवून की बंद करून?”

मी म्हणालो, “बंद करून. ऑइल बंद करूनच पाहतात.”

पलीकडे जी शांतता पसरली, ती शाळेत मी कितीतरी मुलांना ऐकवलेली आहे. इंजिन बंद केले की कन्व्हर्टर आणि नळ्यांतले ऑइल हळूहळू पॅनमध्ये उतरते आणि गेजवर भरपूर दिसते. इंजिन चालू केले की पंप तेच ऑइल वर ओढून घेतो. म्हणजे पोराच्या अंदाजे चार लिटरांत फारसे काही चुकलेले नव्हते. माझ्या व्याख्यानाने सव्वा लिटर चुकले होते. पंप आता ऑइलबरोबर हवाही ओढत होता, आणि ज्या फेसाच्या भीतीने मी ऑइल काढायला लावले, तो फेस ऑइल कमी पडल्यानेच होत होता.

भाच्याने सांगितले: गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून गरम कर, सपाट जागी उभी कर, ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरांतून एकदा फिरव, ‘पी’वर, म्हणजे पार्किंगला, आण आणि इंजिन चालू ठेवूनच गेज काढ. यातले सगळे जमले, पण सपाट जागा मिळेना. आमची गल्ली नालीकडे उतरलेली, मिस्त्रीचे अंगण काळ्या मातीचे, उन्हाने भेगाळून गेलेले. शेवटी मिस्त्रीला सुचले, की गावात सपाट म्हणून एकच जागा असते, ती म्हणजे वजनकाटा. सोमवारी सकाळी आम्ही कापसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर चढलो. काटेवाल्याने नियमाप्रमाणे आधी पावती फाडली, त्यामुळे ऑइल किती आहे हे कळण्याआधी गाडीचे वजन कळले. वजनात मिस्त्री, पोरगा आणि मी धरलेलो आहोत.

इंजिन चालू ठेवून मिस्त्रीने गेज काढले. पट्टीचे नुसते टोक ओले होते. त्यावर दोन जोड खुणा होत्या, एक थंडची आणि एक गरमची. “सर, आपल्याकडं मे महिन्यात थंडची कशाला लागतीय?” असे म्हणून त्याने वरची धरली. मग लांब नळीच्या नरसाळ्याने गेजच्याच पाइपातून पावपाव लिटर ऑइल सोडायला सुरुवात झाली. दर वेळी दांडा फिरवायचा, पट्टी पुसायची, बुडवायची, काढायची. पाइपाच्या कडांना लागलेले ऑइल पट्टीला चिकटायचे, त्यामुळे एका बाजूला गाडी भरलेली दिसे आणि दुसऱ्या बाजूला उपाशी. मिस्त्री वरची बाजू धरायचा, मी खालची, आणि पोरगा दोघांच्या मधली. खालची बाजू खरी, हे मी या वेळी शास्त्र न सांगता नुसते दाखवले. चौथ्यांदा पुसताना फडके जरा जोरात फिरले आणि पट्टीच्या वरच्या अंगाला ऑइलखाली दडलेली, कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरे वर आली. मी चश्मा कपाळावरून नाकावर आणला. इंजिन गरम असताना, चालू ठेवून, ‘पी’वर तपासावे, असे तिथे लिहिले होते. मिस्त्रीने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “सर, हे तर प्रश्नपत्रिकेवरच उत्तर छापलेलं होतं.” मागे कापसाच्या तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

सव्वा लिटर पुरे झाल्यावर गाडी दांडा टाकताच निघू लागली. चश्मा, पंचा, ठसका, सगळे संपले. त्याच दुपारी नारळ फोडायला सासूबाईंना घेऊन पोखर्णीला निघालो. गाडी सुरेख चालत होती, फक्त साठला शंभरचा आवाज काही जात नव्हता. झाडाखाली थांबून पुन्हा भाच्याला फोन लावला. त्याने विचारले, “समोर पिवळ्या अक्षरात काही दिसतंय का?”

“मी शनिवारीच म्हणले होते,” मागून आवाज आला.

गिअरच्या दांड्याला कडेला एक छोटे बटण असते. ते दाबले की चौथा गिअर बंद होतो आणि समोर ओव्हरड्राइव्ह बंद असल्याची पिवळी अक्षरे लागतात. पोराने दांडा पुसताना ते दाबले असावे. मी ते पुन्हा दाबले, दिवा गेला, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात इंजिनने असा सुस्कारा सोडला, की सासूबाईंनाही ऐकू आला.

“आणि ते दुसरं पिवळं?” त्यांनी विचारले.

दुसरे पिवळे डिझेलचे होते. चार दिवस तिसऱ्या गिअरात ओरडत आणि तासभर काट्यावर उभी राहून गाडीने टाकी तळाला नेली होती. पेट्रोलपंप तीन किलोमीटर मागे राहिला होता. चढ सुरू होताच इंजिन बंद पडले आणि गाडी जिथे थांबली, तिथून फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेली शनिवारचीच माणसे स्पष्ट दिसत होती. त्यांनीही गाडी ओळखली. ते उठून हात झटकत आले आणि त्यातला पुढचा म्हणाला, “सर, आता तरी धक्का मारायचा ना?”

मी दांडा न्यूट्रलला टाकला आणि होय म्हणालो.