'गाडी'ची चाकं मोजणाऱ्यांना

'गाडी' म्हणजे चारचाकीच, असं ठणकावणारा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले दावे तीन: दुचाकीला गाडी म्हणणं ही पुणेरी खोड, वडापावच्या ठेल्याला गाडी म्हणणं ही हिंदीची छाप, आणि गाडीचे वाक्प्रचार रेल्वेसोबत आलेले, म्हणजे इंग्रजीची उसनवारी.

चाकांचं आधी उरकू. मराठी माणसाची पहिली गाडी बैलगाडी, आणि तिला चाकं दोनच. प्राकृतातल्या 'गड्डी'च्या कुळातला हा शब्द मोटारीच्या कितीतरी आधीचा. सायकल आली तेव्हा तिलाही 'पायगाडी' म्हटलं गेलं. मग स्कूटरनेच काय घोडं मारलंय? पुण्यात 'गाडी काढतो' म्हणणारा स्कूटरकडे जातो (हेल्मेट घेईलच असं नाही). ठाण्यात 'गाडी चुकली' म्हणजे लोकल. आणि गावाकडे 'मुक्कामाची गाडी' म्हणजे रात्री गावातच थांबून पहाटे परत निघणारी एसटी.

वडापावची गाडी हिंदीची म्हणे! अहो, 'ठेला' हिंदी. छापच पडली असती तर आपण ठेलाच म्हणालो असतो. हातगाडीतला 'हात' गळला, एवढंच. चाकांखाली विटा लावून वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यावर उभी असली, तरी ती भुर्जीची गाडीच.

आता वाक्प्रचार. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण काय त्या फलाटावर जन्मली? हा नळा पाण्याचा नव्हे. गाड्याला टांगलेला, वंगण भरलेला बांबूचा नळा. कणा कुरकुरायला लागला की गाडीवान त्यातलं वंगण लावणार. गाडा पंढरपूरला निघाला की नळ्यालाही आयती वारी घडते. मंत्र्यांच्या दौऱ्यात कोण कोण विमानात बसतं ते आठवा, अर्थ लगेच कळेल. 'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा' हीसुद्धा पूल नसलेल्या नदीकाठची म्हण. संसाराचा गाडा ओढायचा तोही बैलांसारखाच, इंजिनासारखा नाही.

'गाडी रुळावर येणे' मात्र रेल्वेचं, हे कबूल. पण उसनं घेतलेलं कोणी इतकं मुरवत नाही. 'बोलता बोलता मामांची गाडी जावयाच्या पगारावर घसरली' यात अपघात मामांना होत नाही, जावयाला होतो.