जे बियाणं दरवर्षी विकता येत नाही, त्यावर पैसा कोण घालणार?

खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, कसा राखायचा हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ऊस तुटला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, पहारीनं भोक घेऊन खत मुळाशी सोडायचं. नांगरट वाचली, बेणं वाचलं, लावणीची मजुरी वाचली. (पाचट पेटवणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.)

हेच भातात जमलं तर? चीनच्या युनान विद्यापीठानं जमवलंय. नेहमीचं भात आणि आफ्रिकेतलं एक बहुवर्षायू, म्हणजे कापल्यावर वर्षानुवर्षं पुन्हा फुटणारं, रानभात यांच्या संकरातून 2018 मध्ये 'पीआर 23' हे वाण आलं. एकदा लावलं की चार वर्षांत आठ सुग्या, दर सुगीला हेक्टरी सरासरी 6.8 टन. दरवेळी नव्यानं लावलेल्या भाताच्या तोडीस तोड! फुटव्याच्या हंगामात मजुरी निम्म्याहून कमी. पाचव्या वर्षी मात्र उतारा घसरतो, पुन्हा लावावं लागतं.

गगनबावडा, राधानगरी या आमच्या डोंगरी तालुक्यांत रोपलावणीला माणूस मिळेना झालाय, तिथल्या शेतकऱ्यांना याचं मोल विचारा. पण ते वाण उचलून इथं लावून चालणार नाही. युनानमधल्या त्या भाताला पाण्याची सोय होती. आपल्या डोंगरातल्या खाचरात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं खोड जगेल का? हे इथंच, आपल्याच मातीत तपासावं लागेल.

आणि ते कुठली बियाणं कंपनी तपासणार? एकदा विकलं की चार वर्षं गिऱ्हाईक दुकानाकडं फिरकणार नाही, असं वाण काढायला ती काय खुळी आहे? रब्बीचंही तेच. शाळू (रब्बी ज्वारी), हरभरा, जवस यांचं बी शेतकरी घरीच राखतो. उसाच्या पाठीशी निदान कारखाने आहेत, उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. जवसाच्या मागं कोण? अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं बहुवर्षायू आणि हिवाळी पिकांच्या संशोधनाला विद्यापीठामार्फत सरकारी पैसा दिला, कारण पीक नसलेल्या उघड्या रानातून झिरपणारं खतातलं नायट्रेट विहिरींत उतरत होतं. आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळकरांना अशा पाण्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

आपल्याकडं 2024-25 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खताच्या अनुदानाला 1 लाख 64 हजार कोटी आणि देशभरच्या कृषी संशोधन-शिक्षण विभागाला 9,941 कोटी. त्यातलेही बरेच पगार-पेन्शनीत जातात. खताचं अनुदान काढा असं मी म्हणत नाही, गावात राहायचंय मला. पण त्याचा शंभरावा हिस्सा जरी संशोधनाकडं वळवला तरी सोळाशे कोटींच्या वर जातो.

पैशाइतकीच मुदतही महत्त्वाची. युनानवाल्यांना त्या एका वाणासाठी वीसेक वर्षं लागली. आपला प्रकल्प तीन वर्षांचा. पहिलं वर्ष मंजुरीत, तिसरं अहवालात. बहुवर्षायू पीक दुसऱ्यांदा फुटायच्या आत फाईल बंद!

येत्या अधिवेशनात उसाच्या दरावरून गरमागरमी होईल, व्हायलाच पाहिजे. त्यातच एखाद्या आमदारानं राधानगरीच्या भात संशोधन केंद्रासाठी सलग दहा वर्षांचा निधी मागून दाखवावा. पक्ष कुठलाही असो, फेटा माझ्याकडून.